कोनाची करवत आणि आक्काचा आरसा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवायला थांबावं लागत नाही. माझी थोरली बहीण, आमची आक्का.

आई गेली तेव्हा मी अजून शाळेत जात नव्हतो. आक्काचं लग्न गावातल्या गावात, मंद्रूपमध्येच, नुकतंच झालं होतं. ती मला हाताला धरून सासरी घेऊन गेली आणि घरात एवढंच म्हणाली, "ह्यो माझ्यासंगं ऱ्हाईल." आक्काच्या आवाजात तेव्हापासूनच असं काहीतरी होतं की माणसं गप्प बसत.

तिची स्वतःची शाळा चौथीला सुटली होती. संध्याकाळी ती चुलीपुढं भाकरी थापायला बसली की मला समोर बसवायची आणि त्या दिवशीचं सगळं म्हणून घ्यायची. पाढे, कविता, भूगोलातल्या नद्या. मी थांबलो की तिचा हातही थांबायचा. "तू म्हन की, मी थापते," असं म्हणून ती पीठ लावलेले हात वर धरून बसायची. मला भूक फार लागायची, त्यामुळं माझं पाठांतर चांगलं झालं. पुढं कॉलेजला सोलापुरात आलो, तर तिच्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी एस.टी.नं माझ्या मागोमाग यायची. कंडक्टर डबा देताना म्हणायचा, "आक्कानं इचारलंय, म्हननं चालू हाय का?" मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. निकाल सांगायला गेलो तर आक्कानं विचारलं, "आता अजून काय शिकायचं ऱ्हायलंय का?" नाही म्हटल्यावर तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि मग रडली.

मी सोलापुरातच एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला लागलो. लग्न झालं. भाड्याच्या दोन खोल्या, मागं मोरी, आणि मोरीच्या बाजूला पत्र्याचा एक आडोसा. तो आडोसा माझा. सुतारकामाचा नाद मला मंद्रूपच्या सुतारामुळं लागला होता. शाळा सुटली की त्याच्या खोपटात बसून मी रंध्यातून निघणारी लाकडाची वळी गोळा करायचो. पगार सुरू झाल्यावर एक एक हत्यार घेतलं. रंधा, लाकूड कोरायच्या पटाश्या, काटकोन तपासायचा गुण्या, दोन करवती. रविवारी मी त्या आडोशात शिरलो की बायको शेजारणींना सांगायची, "हे कारखान्यात गेलेत." त्या कारखान्यातून तोवर तीन पाट, एक पुस्तकांची फळी आणि एक डुगडुगणारं स्टूल एवढंच उत्पादन बाहेर पडलं होतं.

अशात भाचीचं, म्हणजे आक्काच्या थोरल्या मुलीचं, लग्न ठरलं. स्थळ अकलूजचं, बागायतदार, उसाचं. आक्का एकदा घरी आली होती, तेव्हा चहाची बशी खाली ठेवून म्हणाली, "तुला एक मागू का?"

मी चाटच पडलो. तिनं आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

"पोरीच्या रुखवतात आरसा पायजे," ती म्हणाली. "माणूस पुरता दिसंल असा."

आक्काच्या घरातला आरसा मला पाठ होता. तळहाताएवढा, एक कोपरा उडालेला, दाराजवळ खिळ्याला अडकवलेला. त्यात कपाळ बघावं तर हनुवटी जायची, हनुवटी बघावी तर कपाळ. आक्का लग्न झाल्यापासून स्वतःला अशी तुकड्यातुकड्यानं बघत आली होती. मुलीनं तरी तसं बघू नये, एवढंच तिचं म्हणणं.

"काच आणतो," मी म्हणालो, "आणि चौकट मी करतो."

"सोताच्या हातानं?"

"स्वतःच्या हातानं."

मला वाटलं, हे आमच्या दोघांतच राहील. पण साखरपुड्याला अकलूजची मंडळी रुखवताची चौकशी करू लागली, तेव्हा आक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "आरसा माझा भाऊ करतोय. शिकलेला हाय, पर हातानं बी करतोय." मुलाची मावशी मोठी तोंडाळ बाई होती. ती म्हणाली, "बघू की. मास्तर लोकांची रेघ फळ्यावर सरळ येती, लाकडावर येती का, ते बघू." सगळे हसले. मीही हसलो. आक्का हसली नाही. ती सुपारीच्या ताटातल्या सुपाऱ्या उगाच सारख्या करत बसली. आरसा आता नुसता आरसा राहिला नव्हता. आक्कानं माझ्या भरवशावर चारचौघांत शब्द टाकला होता.

चौकट करायची म्हणजे चार लाकडं आणि चार कोपरे. लाकडं कुणीही तासेल. खरी परीक्षा कोपऱ्याची. दोन्ही लाकडांची टोकं बरोब्बर पंचेचाळीस अंशांत कापली गेली तर काटकोन मिळतो आणि मध्ये केसभरही फट राहत नाही. हातानं असा काप धरणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं, हे मला स्टुलानं शिकवलं होतं. म्हणून कोनात कापणारी करवत घ्यायचं ठरवलं. दुकानात तिला मायटर सॉ म्हणत. मी कोनाची करवत म्हणायचो, बायको 'ते यंत्र' म्हणायची.

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत एका चाचांचं हत्यारांचं दुकान होतं. मी शाळेच्या पिशवीत गुण्या आणि एक लाकडाची पट्टी टाकून तिथं गेलो. चाचांनी आधी एक लाकडी साचा पुढं केला. खोक्यासारखा, वरून उघडा, दोन्ही भिंतींना तिरक्या चिरा पाडलेल्या. लाकूड आत ठेवायचं आणि करवत चिरेतून चालवायची. स्वस्त आणि सोपा. पण करवत लाकडाबरोबर ती चीरही थोडी थोडी खात जाते आणि चीर रुंद झाली की करवत आत हलते. महिन्याभरात तो साचा पंचेचाळीस म्हणून काहीही कापून देईल, असं मला वाटलं.

दुसरी होती ती नवी कोरी, पत्र्याच्या बैठकीची, हिरव्या रंगाची. दिसायला फार देखणी. तिच्या खाली एक दांडी होती, ती डावी-उजवीकडं फिरवली की करवतीचा कोन बदलायचा. मी दांडी पंचेचाळीसवर अडकवली आणि टोकाला धरून हलवून बघितली. कुरकुरली. पुन्हा हलवली. पुन्हा कुरकुरली. बैठकीवर गुण्या उभा करून मी पात्यामागून उजेड येतो का ते वाकून बघू लागलो.

"छोकरी देखने आए क्या मास्टर?" चाचा गल्ल्यावरून म्हणाले. "चाल देख रएं, दांत देख रएं!"

"चाचा, ही लंगडते."

"हौ, नई है ना. शरमाती."

मग ते स्वतःच उठले आणि आतल्या अंधारातून एक जुनं धूड ओढत बाहेर घेऊन आले. देवादिकांच्या फोटोंना चौकटी करणारा एक कारागीर धंदा बंद करून मुलाकडं गेला होता, त्याची ही करवत. बैठक ओतीव लोखंडाची, मागं लाकूड टेकवायची उभी पट्टी, आणि दोन खांबांच्या मधून मागं-पुढं सरकणारं लांब पातं. पात्याला गंज होता, एक स्क्रू नव्हता, रंग तर कुठंच नव्हता. पण बैठकीच्या कडेला खाचा पाडलेल्या होत्या. दांडी फिरवत नेली की तिच्या खालचा खिट्टा त्या खाचेत पडायचा आणि आवाज यायचा, टक. डावीकडं पंचेचाळीसला टक. मध्ये काटकोनाला टक. उजवीकडं टक. एकदा पडली की मी दोन्ही हातांनी हलवली तरी हलली नाही.

"इसकी उमर हो गई," चाचा म्हणाले, "पर वादे की पक्की है."

मी तीच घेतली. सायकलच्या कॅरियरवर बांधली आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेलो, कारण बसलो की पुढचं चाक वर उचलायचं. दारात बायकोनं गोणपाटात गुंडाळलेलं ते वजनदार प्रकरण बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "शिलाई मशीन आणलंत?"

त्या दिवसापासून घरात आमटीला मीठ कमी पडू लागलं.

गंज मी रॉकेल आणि विटकरीच्या पुडीनं काढला. पात्याला दुकानातून धार लावून आणली. आता ती बसवायची कशावर? चित्रात बघितलेल्या सगळ्या करवती कमरेएवढ्या टेबलावर असायच्या. पण मी ज्याच्या खोपटात वाढलो तो सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या अंगठ्यानं दाबून काम करायचा, आणि माझ्याही अंगात तेच मुरलेलं. उभ्यानं माझा हात थरथरतो. म्हणून मी तिला चौरंगावर बसवायचं ठरवलं.

चौरंगाला आणि चौकटीला लाकूड शेजाऱ्यांनी दिलं. शेजारी एक तेलुगू विणकर मामा राहायचे. त्यांच्या वडिलांचा हातमाग बरीच वर्षं सुटा करून भिंतीला टेकवून ठेवलेला होता. मामा स्वतः यंत्रमागावर जात. मी लाकूड शोधतोय म्हटल्यावर त्यांनीच बोलावलं.

"सागवान आहे, सर. वडिलांच्या हाताचं. घरात म्हणतात चुलीत घाला. मन होत नाही."

"लग्नातला आरसा करायचाय, मामा."

"अय्यो, मग न्या की! आमच्या वडिलांनी त्याच्यावर लग्नाची लुगडी विणली. आता आरसा धरू दे."

ते लाकूड कापताना भुशाला अजून सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास यायचा. चौरंग झाला, चौकटीसाठी चार पट्ट्या रंधून झाल्या आणि माग संपला. मी करवत चार बोल्टांनी चौरंगावर आवळली. आमच्या शहाबादी फरशीला मोरीकडं उतार होता, तेव्हा एका पायाखाली सोड्याच्या बाटलीचं टोपण चपटं करून घातलं. मग तपासणी. एक रुंद फळी काटकोनात कापली, एक तुकडा उलटा केला आणि दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींना लावून उजेडासमोर धरल्या. करवत जराशी जरी तिरकी असेल तर उलटं केल्यावर फट दुप्पट होऊन दिसते. दिसली. मागची पट्टी अर्धा सूत सरकवली, पुन्हा कापलं, पुन्हा धरलं. असं करता करता एका संध्याकाळी उजेड दिसेनासा झाला. मग डावा कोन, उजवा कोन. टाकाऊ लाकडाची एक हातभर चौकट करून बघितली. चारही कोपरे असे मिटले की त्यात नखही जाईना. मी ती चौकट बायकोच्या गळ्यात अडकवली. ती म्हणाली, "फोटो झाला माझा," आणि आमटी पूर्ववत झाली.

तेवढ्यात दसरा आला. बस्त्याच्या खरेदीसाठी आक्का सोलापुरात आली होती, ती सणाला आमच्याकडंच राहिली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. मी सगळी हत्यारं पुसून आडोशात मांडली. आक्का आत आली आणि करवतीसमोर थांबली. चौरंगावर ऐटीत बसलेलं ते काळं ओतीव धूड बघून तिनं आपोआप डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हिच्यावर व्हनार व्हय आरसा?"

"हिच्यावरच."

मग तिनं माझ्या हातातलं तबक काढून घेतलं. रंध्याला, पटाश्यांना हळदी-कुंकवाचं एकेक बोट, पण करवतीची पूजा देवासारखी साग्रसंगीत. पात्याला हळद-कुंकू, बैठकीला हळद-कुंकू, ओंजळभर ओल्या अक्षता, झेंडूची माळ, पुढं नारळ. दांडी कशी फिरते ते मी तिला दाखवलं, तर तिला त्याची लहान मुलासारखी गंमत वाटली. ती डावीकडं नेऊन बघायची, उजवीकडं नेऊन बघायची.

"टक वाजतंय बघ की! बैलगाडीची खीळ बसल्यावानी." आणि हात जोडून करवतीला म्हणाली, "माझ्या भावाचं नाव राख गं बाई."

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी कामाला बसलो. झेंडू काढला, पातं पुसलं. बैठकीवरचं हळद-कुंकू आणि अक्षता मात्र पुसवेनात. आक्काच्या हातची पूजा. ती तशीच ठेवून मी चारही पट्ट्या कापल्या आणि फरशीवर जुळवल्या. पहिला कोपरा मिटला. दुसरा मिटला. तिसरा मिटला. चौथ्यात माझी करंगळी जात होती.

मला वाटलं, हात हलला असेल. प्रत्येक टोकाचा थोडा थोडा तुकडा काढून पुन्हा कापलं. पुन्हा तीन मिटले, चौथा आ वासून. चहा घेतला. पुन्हा कापलं. मग लाकडावर संशय घेतला, जुनं आहे, पिळलं असेल. मग हवेवर. फळ्यावर लिहावं तसं फरशीवर खडूनं गणित मांडलं. एका कापात अर्धा अंश चूक, कोपरे चार, शेवटच्या कोपऱ्यात दोन अंश. गणित बरोबर आलं, पण अर्धा अंश कुठून येतो ते त्यात नव्हतं. आणि मी दर खेपेला कापतच होतो. शेवटी एका लांब पट्टीचं टोक जुन्या खुंटीच्या भोकाशी आलं आणि तिथून उभं चिरलं. ती चीर काढायला दीड वीत लाकूड गेलं. जोडीची पट्टीही तेवढीच आखूड करावी लागणार होती.

मी डोक्याला हात लावून बसलो. दांडी उगाच इकडून तिकडं फिरवत होतो. डावीकडं टक. मध्ये टक. उजवीकडं टप.

पुन्हा फिरवली. टक. टक. टप.

बायकोकडून केसांतला आकडा मागून घेतला आणि उजव्या खाचेत घालून खरवडलं. हळदीनं पिवळा झालेला, चेपून वाळून लोखंडाला चिकटलेला अर्धा दाणा बाहेर आला. आक्काची अक्षता. खिट्टा त्याच्यावर बसत होता, खाचेत पूर्ण पडतच नव्हता. मी तो दाणा तळहातावर घेऊन बघत बसलो आणि मला हसू यायला लागलं. इतका वेळ मी लाकडाला, हवेला आणि स्वतःच्या हाताला बोल लावत होतो, आणि अडलं होतं ते आशीर्वादापाशी.

"केरात टाकू नका हं," बायको म्हणाली. "अक्षता आहे ती." तिनं तो दाणा तुळशीत नेऊन टाकला. मी ओल्या फडक्यानं करवत स्वच्छ पुसली. हात जोडून पुसली, पण पुसली. चारही पट्ट्या पुन्हा कापल्या. चारही कोपरे मिटले.

फक्त चौकट आता साडेतीन फुटांची होती आणि काच घरात येऊन पडली होती पाच फुटांची.

काच कापून मिळाली असती, त्याचं काही नव्हतं. पण आक्कानं काय मागितलं होतं? माणूस पुरता दिसंल असा. साडेतीन फुटांत पुरता माणूस कसा मावायचा? माग संपलेला. वखारीतलं सागवान ओलं, लग्नापर्यंत वाळणार नाही. मला मावशीचा चेहरा दिसू लागला, आणि त्याहून जास्त आक्काचा, सुपाऱ्या सारख्या करणारा.

अशा मनःस्थितीत मी नववीच्या वर्गावर गेलो. प्रकाशाचं प्रकरण चालू होतं. फळ्यावर सपाट आरसा काढला, समोर माणूस काढला, त्याच्या पायापासून निघालेला किरण आरशावर आपटून डोळ्यात आणला. रेघ आरशाला जिथं लागली, ती जागा होती पाय आणि डोळे यांच्या बरोबर मधोमध. मी दरवर्षी ही आकृती काढतो. दरवर्षी खाली लिहितो की संपूर्ण प्रतिमा दिसण्यासाठी आरशाची उंची माणसाच्या उंचीच्या निम्मी असली तरी पुरते. त्या दिवशी मी 'निम्मी' एवढं लिहिलं आणि खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, पुरते," आणि वर्ग हसला. मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो.

घरी आल्यावर काच भिंतीला उभी केली, खाली विटा रचून हवी तेवढी वर घेतली, आणि वरचे साडेतीन फूट सोडून खालचा भाग वर्तमानपत्रानं झाकला. बायकोला समोर उभं केलं. पुस्तकात लिहिलंय म्हणून विश्वास ठेवणारी ती बाई नव्हे.

"काय दिसतं?"

"मी."

"कुठपर्यंत?"

तिनं मान न वाकवता डोळे खाली नेले. "जोडवी दिसतात," ती म्हणाली. मग एक पाय उचलून हलवला. मग दोन पावलं मागं गेली, कारण मी फसवत असेन तर लांबून उघडं पडेल असा तिचा हिशेब असावा. "अहो, अजूनही दिसतात!"

आक्का चुलीपुढं पीठ लावलेले हात वर धरून बसायची ती याच्यासाठी, असं त्या क्षणी मला अगदी मनापासून वाटलं. तेव्हा तिला किंवा मला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

काच कापून आणली, चौकटीत बसवली, मागं फळी ठोकली. आणि आरसा घेऊन जाण्याआधी आक्काला पत्र टाकलं, कारण साडेतीन फुटांचा आरसा अचानक समोर बघून तिचा जीव धसकला असता. ते पत्र भाचीनं वाचून दाखवलं आणि पुढं आरशाच्या मागच्या फळीत खोचून ठेवलं. परवा अकलूजला गेलो तेव्हा तिनं ते काढून माझ्या हातात दिलं. जसंच्या तसं लिहितो.

"तीर्थरूप आक्कास,

तुझ्या भावाचा साष्टांग नमस्कार. आरसा तयार झाला. चारही कोपऱ्यांत नख जात नाही, मी घालून बघितलं, शेजारच्या मामांनीही बघितलं. लाकूड त्यांच्या वडिलांच्या मागाचं आहे, लग्नाची लुगडी विणलेलं, हे अकलूजच्या मंडळींना जरूर सांग.

आता एक गोष्ट ऐकून घे आणि घाबरू नकोस. आरसा माणसाच्या उंचीचा नाही, साडेतीन फुटांचा आहे. तू खंडेनवमीला वाहिलेली अक्षता करवतीच्या खाचेत जाऊन बसली होती, त्यामुळं थोडं लाकूड वाया गेलं. अर्धाच दाणा होता. तुझ्या भावजयीनं तो तुळशीत टाकला आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. करवतीनं माझं नाव राखलं, फक्त आधी थोडी वाट बघायला लावली.

पण तू मागितलंस तसा पुरता माणूस त्यात दिसतो. निम्म्या आरशात पुरता माणूस दिसतो हे शास्त्र आहे. मी ते दरवर्षी शिकवतो आणि ते मला येतं ते तुझ्यामुळं. तुझ्या भावजयीला उभं करून बघितलं. जोडव्यांपर्यंत दिसलं. ती तुझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. उरलेली काच तिनं स्वयंपाकघरात लावली आहे, पाठीमागून कोण येतं ते बघायला.

फक्त टांगायची एक रीत आहे. आरशाची वरची कड तुझ्या कपाळावरच्या कुंकवाच्या जरा वर यायला हवी. त्याहून फार वर नको, फार खाली नको. खिळा मीच येऊन ठोकीन, दुसऱ्या कुणाला ठोकू देऊ नकोस. मुलाच्या मावशीला हवं तेवढं लांब उभं राहून बघू दे. लांब गेल्यानं काही बिघडत नाही.

शनिवारी सकाळच्या एस.टी.नं आरसा चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन येतो. टपावर टाकणार नाही. रुखवत मांडायच्या आधी, मंडळी यायच्या आधी, एक काम कर. दार लोटून घे आणि आरशासमोर तू एकटी उभी राहा. खाली वाकू नकोस, मान सरळ ठेव. डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला एकदा नीट बघ. मग मला हाक मार आणि काय दिसलं ते सांग. तू म्हण, मी ऐकतो.

तुझा,
धाकटा"